शिट्टीचा मान

वरवे बुद्रुकच्या भरती अकॅडमीत दादू हवालदारांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. फौजेतून निवृत्त होऊन पोरं घडवणाऱ्या या उस्तादांचा नियम असा, की रोज एकाने कॅप्टन व्हायचं आणि त्यांची पितळी शिट्टी फुंकून बाकीच्यांना पहाटे उठवायचं. त्या मानासाठी पोरं जीव टाकत. आकाशही टाकत होता. पण भाद्रपदाच्या दमट उकाड्यात पत्र्याच्या शेडमध्ये खोकला शिरला आणि त्याचे डोळे उघडले.

सोमवारी पप्पू कॅप्टन झाला, बुधवारी खोकत आडवा. मंगळवारी कुमार, तो गुरुवारी आडवा. जो शिट्टी तोंडाला लावी, तो दोन दिवसांत खोकू लागे. शनिवारी आकाशची पाळी, आणि लगेच येत्या बुधवारी सैन्यभरती. वयात बसणारी त्याची ही शेवटची. छाती भरली की सोळाशे मीटर विसरायचं आणि मार्गासनीला काकाच्या टेम्पोवर क्लीनर व्हायचं. पण फौजेच्या शिट्टीला रोगट म्हणायची छाती कोणाची होती?

शनिवारी तो साळसूदपणे पुढे झाला. "उस्ताद, आमाला कुठं येती शिट्टी? तुमीच एकदा वाजवून दावा."

उस्ताद खुलले. अशी फुंकली, की पार कामथडीची कुत्री भुंकली असतील. "ह्यो दम न्हाई तुमच्यात," म्हणत त्यांनी ती स्वतःच्याच खिशात घातली. रविवारी, सोमवारी तेच. आकाशला मनातून गुदगुल्या होत होत्या. मंगळवारी उस्तादच खोकायला लागले, तेव्हा मात्र त्याला स्वतःची लाज वाटली.

बुधवारी तो पाच मिनिटं वीस सेकंदांत धावला आणि पास झाला. संध्याकाळी पेढे घेऊन उस्तादांच्या खाटेपाशी उभा राहिला.

"उस्ताद, शिट्टीतनं खोकला पसरत व्हता. म्या जाणूनबुजून तुमाला फुंकायला लावली."

"कुमार पडला तवाच कळलं व्हतं मला," उस्ताद म्हणाले. "तुजी शेवटची भरती हुकू नये म्हणून तर खिशात घातली."

आकाशला भरून आलं. तरी तोंडातून निघालंच, "मग फुंकली कशाला?"

"शिट्टीबिगर उठताय व्हय तुमी?"

"मग उस्ताद, धुवायची तरी."

उस्तादांना खोकल्याची उबळ आली. मग पेढा उचलत म्हणाले, "ह्ये शनवारी सांगायला काय झालं व्हतं तुला?"