दाढेच्या गाभ्यातली आई

मी एक जुनी दाढ आहे. हसू नका, मित्रांनो. आत्मवृत्त सांगावं ते तलवारीने किंवा किल्ल्याने, असं तुम्हाला वाटत असेल. पण माझ्या पोटात जे सापडलं, ते कुठल्याही किल्ल्याच्या तळघरात सापडायचं नाही.

माझी घडण अंधारात झाली. एक बाळ जगात आलं, त्याच सुमाराला त्याच्या जबड्यात खोलवर मी आकार घेऊ लागले. बाळ आईचं दूध प्यायचं आणि त्यातलं मला लागणारं तेवढं मी हळूहळू वेचून घ्यायची. थरावर थर चढत होते. दरम्यान वर दुधाचे दात आले. त्यांचं कोण कौतुक! "आई गं, चावला बघ मला!" म्हणून बाळाची मोठी बहीण आनंदाने किंचाळायची. मी आपली हिरडीखाली बसून ऐकत असे. आम्हा कायमच्या दाढांची पाळी मुलगा सहा वर्षांचा झाला की येते.

त्या मुलाला घरात सगळे भुंगा म्हणत. भुंगा साडेचार वर्षांचा असताना नदीला मोठा पूर आला. माणसांना होड्यांतून हलवताना आई आणि बहीण एका होडीत बसल्या, भुंगा दुसरीत. होड्या वेगवेगळ्या काठांना लागल्या. भुंगा पोचला एका अनाथाश्रमात. नाव काय? "भुंगा." आईचं नाव काय? "आई." त्याच्या परीने त्याने सगळं बरोबर सांगितलं होतं.

त्या आश्रमाची एक रीत होती. ज्या मुलाचं वय कळत नसे, त्याचे दात बघून ते लिहायचं. त्या दिवशी ओल्याचिंब मुलांची रांग दाराबाहेर गेली होती आणि अधीक्षक बाई घाईत होत्या.

"आ कर. पुढचे दोन पडलेत. लिहा, सात वर्षं. चला, पुढचा!"

अहो बाई, ते दात आपणहून पडले नव्हते! भुंगा झोक्यावरून तोंडावर आपटला होता. बोट थोडं मागे फिरवलं असतंत तर कळलं असतं, की मी अजून उगवलेच नाही, म्हणजे पोराला सात कुठलं, सहासुद्धा पूर्ण नाही. मी हिरडीखालून जीव तोडून ओरडत होते. पण दाढेचं कोण ऐकतं? आमचं ऐकायला लोकांना आधी दुखावं लागतं.

आई आणि बहीण आश्रमामागून आश्रम धुंडाळत होत्या. साडेचार वर्षांचा मुलगा आलाय का? भुंग्याच्या आश्रमातही त्यांनी विचारलं. कारकुनाने वयाचा रकाना पाहिला आणि मान हलवली. भुंग्याला तोवर नवं नाव मिळालं होतं आणि तो आत वरण-भात खात होता. एक भिंत मध्ये होती, मित्रांनो.

यथावकाश मी उगवले. भुंगा मोठा होऊन वायरमन झाला आणि माझ्या मेहनतीचे दिवस सुरू झाले. हातातली पक्कड सोडून हा तारेचं प्लास्टिक माझ्याने सोलायचा! वर गालावर टिचकी मारून म्हणायचा, "आपली खरी पक्कड इथे आहे." कौतुक असं भरपूर, पण रात्री दात घासायचं नाव नाही. लग्न झालं, मूल झालं नाही, तेव्हा नवराबायकोने एक मुलगी दत्तक घेतली. लेकीने कधी आजी-आजोबांचं विचारलं, की तो म्हणायचा, "मला मागचं कोणी नाही बाळा. मी डायरेक्ट कंपनीतून आलोय."

शेवटी मी किडले आणि उपटली गेले. लेकीने मला फ्यूजच्या रिकाम्या डबीत ठेवलं. पुढे बायको गेली, मग भुंगाही गेला. लेक त्याच्याच दुकानात पंखे आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करू लागली. मी ड्रॉवरमध्ये स्क्रूंच्या शेजारी धूळ खात पडून राहिले.

एके दिवशी दुकानात दोघी आल्या. एक पार वाकलेली म्हातारी आणि दुसरी, लोकांच्या वंशावळी शोधून देणारी बाई. या बाईने आश्रमांच्या जुन्या नोंदवह्यांतला वयाचा रकाना बाजूला ठेवला होता आणि पुराच्या आठवड्यात आलेला प्रत्येक मुलगा पाहिला होता. एका नोंदीत लिहिलं होतं: वय सात, दातांवरून. ते ऐकताच म्हातारी म्हणाली होती, "दातांवरून? अहो, त्याचे दात तर झोक्याने पाडले!" त्या मुलाच्या नव्या नावाचा माग काढत दोघी इथे पोचल्या होत्या.

"पण दात पडलेली मुलं पुष्कळ असतात," बाई लेकीला म्हणाली. "खात्री डीएनएच देईल. तुमची थोडी लाळ दिलीत तर…"

"माझा काही उपयोग नाही. मला दत्तक घेतलंय."

म्हातारी स्टुलावर बसली. मग लेकीने ड्रॉवर उघडला.

मला पाहून बाईचे डोळे चमकले. पण माझं मूळ कापून त्याची पूड करावी लागेल, हे तिने सांगितलं, तशी लेकीने डबी छातीशी धरली.

"बाबांचं एवढंसं उरलंय, तेही दळायचं? आणि मग काय कळणार? की त्यांचं खरं घर दुसरीकडेच होतं. मग मी कोण त्यांची?"

म्हातारी हळूच उठली. "राहू दे गं. तुझं आहे ते, तुझ्यापाशीच राहू दे." आणि ती चपला घालू लागली.

"थांबा," लेक म्हणाली. डोळे पुसत तिने डबी पुढे केली. "कंपनीतून आलोय म्हणायचे नेहमी. कंपनीचा पत्ता मिळाला असता, तर माणूस अनवाणी धावत गेला असता."

प्रयोगशाळेत माझं मूळ कापलं. माझ्या गाभ्यात काय आहे, ते मलाही तेव्हाच कळलं. भुंग्याच्या आईने त्याला दिलेला एक धागा मी जपून ठेवला होता. तसाच धागा तिने भुंग्याच्या बहिणीलाही दिला होता. भुंग्याच्या आईला तो तिच्या आईने दिलेला, त्या आईला तिच्या आईने. मागे मागे जात राहावं, गावं संपतात, भाषा संपतात, आगीभोवती बसलेल्या बायका दिसू लागतात, आणि धागा तरी तोच! एवढ्या सगळ्या आया माझ्या इवल्याशा पोटात होत्या आणि मी वायरी सोलत बसले होते. म्हातारीच्या लाळेशी सगळं जुळलं. म्हातारी भुंग्याची सख्खी बहीण निघाली.

निकालाचा कागद वाचून झाल्यावर लेक अवघडून म्हणाली, "तुम्हाला तुमचा भाऊ मिळाला. मी आता…"

"आता काय? आत्याला चहा कर," म्हातारी म्हणाली. "आणि बस इथे. मला त्याची साडेचारच वर्षं ठाऊक आहेत. बाकीचा सगळा भाऊ तुझ्याकडे आहे. दे मला. रागावला की काय करायचा?"

"पंख्यांवर ओरडायचे. बंद पडलेल्या."

"आई तव्यावर ओरडायची!" म्हातारी हसता हसता रडू लागली. "सांग, अजून सांग."

मित्रांनो, आता माझा वरचा तुकडा तेवढा उरला आहे. माझ्यातून विज्ञानाने हजारो वर्षांच्या आया बाहेर काढल्या, हे खरंच नवल आहे. पण तो पंख्यांवर ओरडायचा, हे माझ्या पुडीत कुणाला सापडलं नाही. ते लेकीलाच माहीत होतं. तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांपाशीही असं पुष्कळ असेल. ती आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा आणि विचारा. कंटाळा येईल, ती तेच तेच सांगतील, तरी विचारा.