बाहुल्यांची खिरापत

विनायकमास्तरांनी मुंबईत बॅले नावाची चीज पाहिली होती, पण खांबाआडून. नाचाची डावी बाजू तेवढी दिसली, म्हणून बुऱ्हाणपुरात त्यांच्या खेळात बाहुल्या झालेल्या पोरीही डाव्या पायावरच नाचत. त्यातली एक तर पुढं सासरचं मापसुद्धा डाव्या पायानं ओलांडून गेली, म्हणतात.

खेळ साधा होता. दुकानात बाहुल्या ताठ उभ्या, दुकानदार चावी फिरवतो आणि एकेकीत जीव येतो. राज्य नवं झालेलं, कारभार भोपाळहून चालायला लागलेला, आणि तिथले एक साहेब पाहुणे आलेले. खेळ आवडला तर मास्तरांना भोपाळला मोठ्या जागेवर नेतो म्हणाले होते. मास्तरांनीही, आपण मुंबईकडच्या कलावंत घराण्यातले, अशी थाप हळूच सरकवून दिली होती.

दिवस भुलाबाईचे. एरवी ह्याच पोरी रोज सांजेला गावातल्याच लालबागेत मास्तरांच्या आईकडं, धुरपदाबाईकडं, गाणी म्हणत आणि डब्यातली खिरापत ओळखून खात. खेळाच्या दिवशी मात्र एकही फिरकली नाही. म्हातारी डबा घेऊन शोधत निघाली ती अनवाणी, काष्टा मारलेली, थेट स्टेजवर.

"काय वं पोरीहो, रुसल्या का? वळखा पाहू." तिनं डबा खुळखुळवला.

बाहुल्यांनी दम धरला. डबा पुन्हा वाजला तशी कमल भसकन बोलली, "फुटाणे." मंगला म्हणाली, फुटाणे कुठले, शेंगदाणे. चावी लागायच्या आधीच अख्खं दुकान जिवंत झालं, तेही दोन्ही पायांवर. लोक असे हसले, की तापीच्या पुलावरचे बैल बिथरले.

साहेबांनी मास्तरांना जवळ बोलावलं. "मास्टरजी, ये कौन है?"

मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, "पता नहीं साहब. होगी कोई देहातिन."

हातातला माइक चालूच होता. हसू जागच्या जागी थिजलं. ती कोणाची आई हे साहेब सोडून सगळ्या गावाला ठाऊक होतं.

धुरपदाबाईनं डब्याला झाकण लावलं. पदर सावरून तिनं मास्तरांना हात जोडले.

"माफी द्या मास्तर. पोरींच्या मागं आले. तुमचा खेळ मोडला."

जन्मल्यापासून ती त्यांना इन्या म्हणत आली होती.

साहेब मात्र खूष. असा जिवंत खेळ पाहिला नाही, म्हणाले. जागा पक्की, येताना त्या देहातिनलाही घेऊन या.

मास्तर गल्लीबोळांतून तोंड चुकवत घरी आले. आईनं पाहुण्यासाठी मांडावा तसा पाट मांडला, तांब्याभर पाणी ठेवलं. पाटावर बसवेना. "आई," ते कसंबसं म्हणाले, "साहेबांनी तुला भोपाळला बोलावलंय."

"मी कशी येऊ मास्तर?" तव्यावरची भाकर उलटत ती म्हणाली. "माझा इन्या घरी यायचाय आजून."