बुधाजींचा डावा हात

‘पडदाप्रेमी’ या ग्रुपवर दर एक जानेवारीला पाच नावांची यादी टाकायची असे. या वर्षात कोणते जुने कलाकार जातील, त्याचा अंदाज. नाव बरोबर निघालं की शंभरातून त्या माणसाचं वय वजा करायचं, उरतील तेवढे गुण. सव्वातीनशे लोकांच्या ग्रुपमधले साठेक जण हा खेळ खेळायचे, आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नव्हतं. एरवी सगळे सिनेमाबद्दलच बोलायचे. कुणाचा अभिनय भंगार, कुणाचं गाणं ऐकलं की अजून काटा येतो, असलं.

मैत्रेयी शेजवळ मागच्या वर्षी या खेळात दुसरी आली होती. ती अंबरनाथला राहायची आणि उल्हासनगरात एका सिंधी शेठच्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करायची. जुन्या सिनेमांचं वेड तिला वडिलांकडून आलेलं. यंदाच्या यादीत तिचं पाचवं नाव होतं कुंदा रणदिवे. सत्तर सालच्या आसपास या बाईनं पाच सिनेमांत वहिनीची कामं केली आणि नंतर ती दिसलीच नाही. ती आहे की गेली हेही कुणाला ठाऊक नव्हतं. मैत्रेयीनं यादीखाली लिहिलं होतं, “लाकडी चेहरा. सासूशी बोलताना खांबाकडे बघते. पण चान्स घेते.” त्यावर चाळीस जणांनी हसून घेतलं होतं.

मार्चमधल्या एका दुपारी बदलापूरहून एक म्हातारी बाई शेजारणीला घेऊन दुकानात आली. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता आणि वाचायचा चष्मा करायचा होता. कागदावर नाव होतं कुंदा मेहेर, वय ब्याऐंशी, राहणार कुळगाव. मैत्रेयीनं त्यांना खुर्चीवर बसवलं आणि समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला सांगितली. बाईंनी सगळ्यात खालची बारीक ओळसुद्धा धडाधड वाचली आणि स्वतःच खुदकन हसल्या.

“आजी, छान दिसतंय की तुम्हाला!”

“अगं, जन्मात पहिल्यांदा दिसतंय. मला उणे अकरा नंबर होता. दहाव्या वर्षापासून. चष्मा काढला की हाताच्या लांबीवरचं माणूसही धुकं.”

त्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजायला मैत्रेयी पट्टी घेऊन जवळ गेली. त्यांचा चेहरा तिच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होता. उजव्या भुवईवर खोकेची एक जुनी रेघ होती. मग बाई पुन्हा काहीतरी बोलल्या, आणि तो किंचित घोगरा आवाज ऐकून मैत्रेयीची पट्टी धरलेली बोटं थांबली.

“आजी, लग्नाआधीचं तुमचं आडनाव रणदिवे का?”

बाईंनी शेजारणीकडे पाहिलं. शेजारीण बाकावर बसून मोबाईल बघत होती. बाईंनी हळूच विचारलं, “तुला कसं माहीत? तुझ्या आईचासुद्धा जन्म झाला नसेल तेव्हा.”

मैत्रेयीला खोटं बोलता आलं असतं. टीव्हीवर पाहिलं, असं म्हणून भागलं असतं. पण बाई इतक्या उत्सुकतेनं बघत होत्या की तिनं ग्रुपचं सांगितलं, खेळाचंही सांगितलं, आणि सांगता सांगता तिचे कान तापले.

“म्हणजे मी मेले तर तुला गुण?”

“अठरा,” मैत्रेयी खाली बघून म्हणाली. “सॉरी आजी. मी काढते तुमचं नाव.”

“थांब गं. आणखी कोण कोण आहे यादीत?”

मैत्रेयीनं फोनवरची यादी वाचायला सुरुवात केली. तिची पाच नावं, मग दुसऱ्यांची. बाई प्रत्येक नावाला मान हलवत होत्या. हा म्हणे सेटवर सगळ्यांची भाकरी पळवायचा, ही फार गोड होती. मग मैत्रेयीनं वाचलं, “बुधाजी साळसकर.”

बाईंनी तिचं मनगट पकडलं. “बुधाजीराव? यादीत आहेत? म्हणजे जिवंत आहेत?”

“असणार. गेलेल्या माणसाचं नाव चालत नाही. पुष्कर म्हणून आमचा अॅडमिन आहे, तो आधी खात्री करतो. तुमचाच काय तो पत्ता लागला नव्हता. एक्क्याण्णव वर्षांचे आहेत.”

“अगं बाई,” बाई म्हणाल्या.

बुधाजी साळसकर हा ग्रुपवरचा नेहमीचा विनोद होता. काही सिनेमांत त्यांनी थोरल्या दिराचं काम केलं होतं, आणि त्यांत त्यांचा डावा हात सतत हलायचा. संवाद रागाचा असो की रडण्याचा, हात आपला मधेच पुढे यायचा, मागे जायचा, खाली झुलायचा. माशा हाकलल्यासारखं दिसायचं, म्हणून ‘साळसकरांच्या माशा’ असं त्याला ग्रुपवर नाव पडलं होतं. मैत्रेयीनं स्वतः त्या हाताच्या क्लिप कापून फिरवल्या होत्या.

आठवड्यानं बाई चष्मा न्यायला आल्या, या वेळी एकट्याच. दुपारची वेळ, दुकान रिकामं, शेठ जेवायला घरी गेलेला. भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर फ्रेमच्या जाहिराती चालू होत्या.

“आजी, तुमचा सिनेमा लावू का? ‘सोनकीचा माळ’ नेटवर आहे.”

“मी तो कधी बघितलाच नाही,” बाई म्हणाल्या. पहिल्या खेळाला चष्म्याशिवाय बसल्या होत्या, कारण निर्मात्यानं ताकीद दिली होती की माझी वहिनी काचेच्या बुडाचा चष्मा लावून लोकांसमोर येणार नाही. नंतर लग्न झालं. एकदा तो टीव्हीवर लागला तेव्हा सासऱ्यांनी उठून टीव्ही बंद केला, आणि घरात तो विषय पुन्हा निघाला नाही.

“मग काम कसं करायचात?”

“पावलं मोजून. दारापासून चुलीपर्यंत सात, चुलीपासून उंबऱ्यापर्यंत चार. समोरच्याचा आवाज येईल तिकडे मान. निर्मात्याला नि मेकअपवाल्या मावशीला तेवढं माहीत होतं. बाकी कुणाला कळू द्यायचं नाही असं ठरलेलं. नाहीतर दुसरी आणली असती.”

मैत्रेयीला आपलं खांबाचं वाक्य आठवलं. तिनं सिनेमा लावला आणि बाईंना टीव्हीसमोर बसवलं.

पहिली दहा मिनिटं बाई नुसती माणसं ओळखत होत्या. ही सासू, हिचं नाक असं होतं होय! मग नदीच्या घाटाचा प्रसंग आला. वहिनी घागर घेऊन पायऱ्या उतरते आणि थोरला दीर तिला अडवून रागावतो. मैत्रेयीनं हा प्रसंग वीसेकदा पाहिला होता, पण फोनवर, आणि फक्त हसायला. आता पडद्यावर बुधाजींचा अख्खा देह दिसत होता. ते तावातावानं बोलत होते, नजर वहिनीच्या तोंडावर. डावा हात मात्र कमरेखाली, पंजा उघडा, तिच्या पावलाबरोबर एकेक पायरी खाली येत होता. शेवटची पायरी शेवाळलेली होती. तिथं त्यांनी बोलता बोलता उजव्या हातातली काठी दगडावर आपटली, टक्, आणि वहिनी त्या आवाजावर थांबली. प्रेक्षकाला वाटावं, दिराच्या रागानं थांबली.

मैत्रेयीनं बाईंकडे पाहिलं. बाई पुढे सरकून बसल्या होत्या.

“परत लाव.”

तिनं परत लावलं. मग स्वयंपाकघराचा प्रसंग. वहिनी रडत मागे सरकते, मागे चूल पेटलेली. दीर म्हणतो, या घरात तुझी जागा नाही. आणि हा हात, सव्वातीनशे लोकांनी मिळून हसलेला हात, तिचा पदर आणि जाळ यांच्यामध्ये येऊन थांबतो. जाळाची धग लागत असणार, पण चेहऱ्यावरची रेषा हलत नाही. ती बाजूला झाल्यावरच हात मागे जातो.

“आजी, यांना माहीत होतं.”

“कसं असेल? आम्ही कामाशिवाय चार शब्द बोललो नाही. चार सिनेमे केले एकत्र.” बाईंचा आवाज अगदी बारीक झाला होता. “मला वाटायचं माझं नशीब बरं. सेटवर केवढ्या वायरी, केवढे खड्डे, आणि मला कधी ठेच लागली नाही. पाचव्या सिनेमात ते नव्हते. पहिल्याच दिवशी ओट्यावरून पडले मी.” त्यांनी भुवईवरच्या रेघेला बोट लावलं. “तेव्हा सगळ्यांना कळलं. तो सिनेमा कसाबसा पुरा झाला, आणि माझं काम संपलं.”

त्या दुपारी दोघींनी अडीच तासांचा सिनेमा चार तास पाहिला. मधे शेठ आला, त्याला सगळं समजल्यावर तोही स्टूल ओढून बसला आणि “अरे बाबा, अरे बाबा” म्हणत राहिला. आलेल्या दोन गिऱ्हाइकांना त्यानं उद्या यायला सांगितलं.

संध्याकाळी मैत्रेयीनं घाटाचा आणि चुलीचा प्रसंग ग्रुपवर टाकला. आधी बाईंना विचारून घेतलं होतं. खाली तिनं लिहिलं, “माझं लाकडी चेहऱ्याचं वाक्य मी मागे घेते. या बाईंना दिसत नव्हतं. आता हाताकडे नीट बघा.” नेहमी दोन मिनिटांत शंभर मेसेज येणाऱ्या ग्रुपवर अर्धा तास कुणीच काही लिहिलं नाही. मग डोंबिवलीच्या एकानं दुसऱ्या सिनेमातला प्रसंग टाकला. त्यात वहिनी बैलगाडीतून उतरते आणि बुधाजींचा हात चाकाच्या आऱ्यावर आहे. मग नाशिकहून तिसरा आला. लोक जेवणं सोडून चारही सिनेमे तपासत होते. कुणीतरी मोजून काढलं. एकोणतीस वेळा. आणि कुंदा रणदिवे नसलेल्या सिनेमांत साळसकरांचा डावा हात अंगाला चिकटलेला असतो, हेही कुणीतरी पाहून आलं.

पुष्करचा फोन आला. हा बदलापूरचा, बँकेत कामाला, खेळाचे नियम त्यानंच बनवलेले. “मैत्रेयी, एक सांगू? मी हे सिनेमे शाळेत असल्यापासून बघतोय यार. मला दिसलं कसं नाही?”

“मलापण नाही दिसलं. माझी यादी काढून टाक रे.”

“एक तारखेनंतर यादी बदलता येत नाही, तूच भांडून नियम करून घेतला होतास.” मग तोच म्हणाला, “पूर्ण खेळच बंद करतो. ते जाऊ दे. बुधाजींचा पत्ता आहे माझ्याकडे. खात्रीसाठी ठेवलेला. विठ्ठलवाडीला राहतात, बस डेपोच्या मागे.”

कुळगावपासून विठ्ठलवाडी म्हणजे रिक्षानं तासभरही नाही. कुंदाबाई पंचावन्न वर्षं कुळगावात होत्या. बुधाजी मुलाकडे राहायला आले त्यालाही वीस वर्षं झाली होती.

रविवारी सकाळी मैत्रेयी बाईंना घेऊन गेली. बाईंनी मोरपंखी काठाची साडी नेसली होती. दार बुधाजींच्या सूनबाईंनी उघडलं. त्यांचं नाव किर्ती. मैत्रेयीनं फोनवर सगळं सांगितलेलं असल्यामुळे त्या दारातच बाईंच्या पाया पडल्या. “बाबांना फक्त कुणीतरी भेटायला येणार एवढंच सांगितलंय,” त्या म्हणाल्या. “जरा मोठ्यानं बोला.”

बुधाजी खिडकीशी खुर्चीत बसले होते. अंगानं पार वाळलेले, पण दाढी गुळगुळीत केलेली. बाई समोरच्या पलंगावर बसल्या.

“मी कुंदा. कुंदा रणदिवे.”

त्यांनी थोडा वेळ पाहिलं, मग स्पष्ट आवाजात म्हणाले, “चष्मा कुठाय तुमचा?”

बाईंच्या तोंडून हसू की हुंदका, काहीतरी निघालं. “तुम्हाला माहीत होतं!”

“पहिल्या दिवसापासून. तुम्ही मला सोडून माझ्यामागच्या कंदिलाला नमस्कार केलात, कुंदाबाई. माझी आई तशीच होती. तिच्यापुढे हात धरायची लहानपणापासूनची सवय मला.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर तुम्ही माझ्या हाताकडे लक्ष दिलं असतंत. घाबरला असतात. काम बरं चाललं होतं तुमचं. लोक म्हणतात तितकं वाईट नव्हतं हो.”

“आणि तुमचं? हात आवर म्हणून डायरेक्टर तुम्हाला सगळ्यांसमोर ओरडायचे. मी ऐकलंय. तुम्ही एकदाही उलट बोलला नाहीत.”

“ओरडायचे खरे,” बुधाजी म्हणाले. “काय करणार? जाळाची धग लागायची, ते बघू की ओरडणं ऐकू?” आणि स्वतःच्या बोलण्यावर ते इतके हसले की त्यांना खोकला आला, किर्तीला पाणी आणावं लागलं.

खोकला थांबला. बाई पलंगावरून उठल्या आणि खुर्चीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी बुधाजींचा चेहरा बघायला सुरुवात केली. कपाळ, कानाच्या पाळीवरचे पांढरे केस, हनुवटीवरची चामखीळ. चार सिनेमे ज्याच्या आवाजाकडे मान वळवली होती, त्या माणसाला त्या पहिल्यांदा नीट पाहत होत्या.

“काय बघता?” बुधाजींनी विचारलं.

“बघू द्या,” बाई म्हणाल्या.

त्यांनी बघू दिलं. किर्ती चहाचा ट्रे घेऊन आली होती, ती दारातच थांबली. मैत्रेयी तिच्या शेजारी उभी होती. खाली डेपोतून एक बस मोठ्यानं हॉर्न वाजवत बाहेर पडली, पण आतल्या दोघांनी तिकडे मान वळवली नाही. चहा निवत चालला होता, तो आत न्यावा असं दोघींपैकी कुणालाही वाटलं नाही.