श्वास धरू नका

हनुवटी वर. खांदे पुढे.

पंखा तीनवरच फिरतो, एकवर ठेवा नाहीतर पाचवर.

"गळ्यातलं काढा. हो, दोराही."

सकाळपासून एक्केचाळीस छात्यांचे एक्स-रे.

ताईंच्या डब्यातली पोळी तशीच.

चार वाजता बसचा ड्रायव्हर आला. करकचून ब्रेक मारताना छाती स्टिअरिंगवर आदळलेली. मागून बायको.

"काही झालेलं नाही मला," तो म्हणाला.

"हो ना. शिंकताना बोंबलतो तो शेजारचा असेल," बायको म्हणाली.

डॉक्टरांना छातीच्या मधल्या हाडाची शंका होती. तडा असेल तर दोन महिने घरी, नसेल तर उद्या ड्यूटी. त्याला उद्याच हवी होती.

एक्स-रेवाल्या ताईंनी त्याला पालथं झोपवलं. उजवी बाजू टेबलाला टेकलेली, डावी जराशी उचललेली, म्हणजे मधलं हाड कण्यावरून बाजूला सरकतं. दुखऱ्या जागेवरच भार. त्यानं कण्हणं खोकल्यात लपवलं.

काचेमागे जाऊन ताई बोलून गेल्या, "श्वास घ्या. धरून ठेवा." आणि बटण दाबलं.

जित्याची खोड. दिवसभर तेच तर म्हणत होत्या. पण या एक्स-रेत श्वास हळूहळू चालू ठेवायचा असतो. हलणाऱ्या बरगड्या पुसट होतात, मधलं हाड तेवढं उरतं.

पडद्यावर बरगड्या कोरल्यासारख्या. हाड त्यांच्यात हरवलेलं.

हाच फोटो पाठवून दिला असता तरी कुणी विचारलं नसतं. 'तडा दिसत नाही.' खरंच दिसत नव्हता.

"झालं ना?" तो उठू लागला.

"नाही दादा. चुकलं माझं. परत झोपा."

"परत? अहो ताई, जीव जातोय इथं!"

"झोपवा हो!" दाराबाहेरून बायको. "आणि मघाशी काही झालं नव्हतं ना?"

ताईंनी त्याचा खांदा धरून हळूच टेकवला. "या वेळी श्वास धरू नका. झोपेत घेता तसा घ्या."

दातओठ खात तो घेत राहिला. तीन सेकंद.

बरगड्या धुक्यात गेल्या. हाडावर आडवी काळी रेघ.

ताई बाहेर आल्या. त्यानं त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

"डॉक्टर सांगतील," त्या म्हणाल्या.

"म्हणजे आहे." तो सावकाश शर्टाची बटणं लावू लागला. बायको आत आली आणि खालची बटणं लावू लागली.

छातीला मार बसल्यावर त्यानं गाडी शेवटच्या थांब्यापर्यंत नेली होती. आत सत्तावीस माणसं होती.