जमिनीलगत कापलेलं ल्युपिन

कवळीवाले मुलाकडे राहायला आले तेव्हा नुकती थंडी सुरू झाली होती. चाळीस वर्षं त्यांनी दंतवैद्यांना कवळ्या बनवून दिल्या, म्हणून गावभर हे नाव पडलेलं. सुनेसाठी मात्र ते बाबा. मुलगा जहाजावर इंजिनिअर, सहा-सहा महिने बाहेर. घरात ही दोघंच, आणि एकमेकांशी काय बोलावं ते दोघांनाही सुचत नसे.

आपला काही उपयोग व्हावा म्हणून एका सकाळी त्यांनी मागच्या अंगणातलं ल्युपिनचं फुलझाड छाटायला घेतलं. जुन्या घरी त्यांच्याकडे ल्युपिन होतं. थंडीत जमिनीलगत कापायचं, उन्हं तापली की ते मुळातून पुन्हा फुटायचं. याचं खोड मनगटाएवढं जाड कसं, असं मनात आलं खरं, पण त्यांनी करवत आणली आणि काम तडीस नेलं.

संध्याकाळी सून मोजणीच्या कचेरीतून आली. खांद्यावरची पिशवीही न उतरवता मागच्या दारात उभी राहिली.

“बाबा, झुडूप कुठंय?”

“छाटलं. आता बघ कसं जोमानं येतं.”

“अहो, हे ते ल्युपिन नव्हतं. हे झुडपी. बारा महिने उभं असतं. बुडातून कापलं की संपलं.”

ती हसली, आणि हसता हसताच रडायला लागली. कवळीवाल्यांना काही सुधरेना. ओरडली असती तर एक वेळ बरं झालं असतं.

दोन दिवसांनी मुलाचा फोन आला. “बाबा, ते झुडूप तिच्या आईच्या अंगणातल्या बियांचं होतं. त्या गेल्या वर्षी गेल्या, त्यांचं घरही विकलं. निदान विचारायचंत तरी.”

उन्हं तापल्यावर बुंध्याशेजारी दोन रोपं दिसली, पसरलेल्या पंजासारख्या पानांची. शेंगांतून उडालेलं बी रुजलं होतं. हरखून कवळीवाल्यांनी ती चमच्यानं उचलली आणि भरपूर खत घालून कुंडीत लावली. चौथ्या दिवशी दोन्ही आडवी झाली. या वेळी त्यांनी स्वतःच कुंडी नेऊन सुनेपुढे ठेवली.

“हलवलं की रुसतं ते,” ती म्हणाली. “खत नको, फार पाणी नको. रेताड माती लागते.”

“मग त्याला आवडतं तरी काय?”

“आपण लक्ष न दिलेलं.”

“तू मला बोलली का नाहीस गं?”

सुनेनं कुंडी फिरवून पाहिली. “काय बोलणार? ते तसंही म्हातारं झालं होतं. पाच-सहा वर्षंच जगतं. आई स्वतःच जुनं उपटून नवं लावायची. माझ्यानं ते उपटवेना. तुम्ही कापलंत तर राग आला, आणि सुटल्यासारखंही वाटलं. आता नक्की कुणावर रागावलेय तेच कळत नाही.”

आपल्याला माफी मिळाली की नाही, याचा कवळीवाल्यांना उलगडा झाला नाही. विचारायचा धीरही झाला नाही.

सुनेनं काडेपेटीतून त्याच झुडपाच्या जपून ठेवलेल्या अकरा बिया काढल्या. खड्यासारख्या टणक. इथे मात्र त्यांना काम सापडलं. कवळ्या घासायच्या बारीक कानशीनं त्यांनी पाणी आत मुरावं म्हणून एकेका बीचं नुसतं साल खरवडलं, आतला गर दुखावू दिला नाही. बिया रात्रभर भिजवून दोघांनी भिंतीलगत जागच्या जागी पेरल्या. अकरातल्या तीन रुजल्या. त्यानंतर बाबा अंगणात जात ते हात पाठीमागे बांधून.

दुसऱ्या वर्षी फुलं आली. दोन झुडपं पिवळी, तिसरं जांभळं.

सून त्याच्यापुढे उकिडवी बसली. “आईकडे तर फक्त पिवळी होती. हे कुणावर गेलंय?”

“ठेवायचं का?” बाबांनी विचारलं.

“माहीत नाही.” तिनं पिवळं फूल हुंगलं, मग जांभळं, मग पुन्हा पिवळं. “वास तरी आईकडचाच आहे का हो?”

“मला काय ठाऊक? मी तुझ्या आईच्या अंगणात कधी गेलोच नाही.”

ती तिथेच मातीत फतकल मारून आईचं अंगण कसं होतं, नळ कुठे, पायऱ्या किती, ते सांगू लागली. मध्येच चुकायची, थांबायची, पुन्हा पहिल्यापासून सांगायची. बाबांना निम्मंच कळलं. ते ऐकत राहिले.