कोकिळेचे शनिवार

मोतीरामाला जन्मात एक उपास कधी झेपला नव्हता. साखरखेर्ड्याच्या शिवारात वांगी-मिरचीला पाणी देणारा गडी. सकाळी तीन भाकरी, दुपारी चार. त्यामुळे मारुतीला शनिवार बोलायची वेळ आली तेव्हा त्यानं ते लेकीच्या नावानं बोलले. पोरगी स्वतःच्या हातानं जेवेपर्यंत तिचे शनिवार. तिचं दुखणं, तिचा नवस, तिचाच उपास.

कोकिळा नव्या महाराष्ट्रापेक्षा महिन्याभरानं लहान, म्हणजे साडेचार वर्षांची. मान उशिरा धरली, बसायला तीन वर्षं लागली, आणि मूठ उघडली तर सगळीच उघडायची, नाहीतर उघडायचीच नाही. त्यात झटके. डोळे फिरायचे, अंग लाकडासारखं व्हायचं. झटका येऊन गेला की आठवडाभर शिकलेलं पुसून जायचं आणि तिची आई रुख्मिणी पुन्हा तिच्यापुढं फुटाणे मांडून बसायची. फुटाणा उचलता आला तर घास उचलता येईल, एवढीच तिची आशा.

जालन्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. रोज, जेवण झाल्यावर, असं बजावलं होतं. मोतीराम शब्दाला पक्का. फक्त शनिवारी कोकिळा जेवत नसे, दूध-केळं घेई. आणि जेवणच नाही तर जेवणानंतरची गोळी द्यायची कशी?

झटका यायचा तो रविवारी. रविवारी शेजारची भिमाबाई पोरीला बघायला यायची, म्हणून नजर लावल्याचा ठपका तिच्यावर आला. तिला येऊ नका म्हणून सांगितलं. भिमाबाईनं बोलणं टाकलं, झटके मात्र वेळेवर येत राहिले.

दिवाळी झाल्यावर मोतीराम लेकीला खांद्यावर टाकून एसटीनं जालन्याला गेला. डॉक्टरांनी टेबलावर फुटाणा ठेवला. कोकिळेनं पंजा मारून तो खाली पाडला.

"झटके थांबले तरच हात शिकेल," डॉक्टर म्हणाले. "गोळी रोज देता ना?"

"हाव साहेब. शनवार सोडून."

"शनिवार का सोडता?"

"उपास असते पोरीले. तुम्हीच सांगतलं व्हतं, जेवल्यावर."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मोतीराम, शनिवारी गोळी चुकते म्हणूनच रविवारी झटका येतो."

परतीच्या एसटीत देऊळगाव राजा येईपर्यंत मोतीराम बोटांवर रविवार मोजत होता. लेक मांडीवर झोपली होती. दर आठवड्याला आपणच तिला पाडत होतो, हे कळून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मारुतीला दिलेला शब्दही होताच.

"तिचे शनवार आता मी धरतो," घरी येताच तो म्हणाला. "सांजेपस्तोर तोंडात काही घालनार नाही."

रुख्मिणीनं त्याच्या पोटाकडं पाहिलं. "तुमच्यानं होते काय?"

पहिल्या शनिवारी तो दुपारीच मिरचीच्या वाफ्यात आडवा झाला. दुसऱ्या शनिवारी विनाकारण बैलांवर ओरडला. तिसऱ्या शनिवारी जाऊन भिमाबाईची माफी मागितली, तीही उपाशीपोटी. कोकिळा मात्र शनिवारी वरण-भात खाऊन गोळी घेत होती, आणि रविवार आता नुसते रविवार म्हणून येत होते.

नवव्या शनिवारी मोतीराम भिंतीला टेकून दिवस मावळायची वाट पाहत बसला होता. रुख्मिणीनं लेकीपुढं फुटाणे मांडले. कोकिळेचा हात आला, थरथरला. अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांना शोधत राहिली आणि सापडली. फुटाणा जमिनीवरून उचलला गेला. पोरीनं फुटाण्याकडं पाहिलं, बसल्या बसल्या सरकत बापाजवळ गेली आणि तो त्याच्या तोंडात कोंबला.

"थुका!" रुख्मिणी ओरडली. "उपास हाय तुमचा!"

नवस पोरीनं स्वतःच्या हातानं जेवायचा होता, बापाला भरवायचा नव्हे; तेव्हा तो फिटलाही नव्हता. मोतीरामाच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. त्यानं फुटाणा चावला, गिळला आणि पुन्हा तोंड उघडलं.

"आन माय," तो लेकीला म्हणाला, "अजून एक दे."