ब्रोमलच्या तोंडचं 'छान'

या फेब्रुवारीतल्या एका रविवारी, दुपारच्या जेवणाआधी, मी मार्मटच्या पोटातून कायमचा बाहेर आलो. सगळ्या गावासमोर, बँड वाजत असताना आलो.

असं काही झालेलं नाही. पुढे वाचताना ते डोक्यातून काढून टाका.

मार्मट म्हणजे घुशीचा खात्यापित्या घरचा मावसभाऊ. आमच्या डोंगरात बिळं करून राहतो. ऑक्टोबरात झोपतो तो एप्रिलात उठतो. आमच्या ओबरलान गावाला हिवाळी खेळांसाठी एक चिन्ह हवं होतं, तेव्हा पर्यटन संघाने विचारविनिमय करून नेमका हा प्राणी निवडला, ज्याच्या सात पिढ्यांनी हिवाळा पाहिलेला नाही. कोणाला काही खटकलं नाही. मग त्याचा माणसाएवढा पोशाख शिवून घेतला. त्याच्या आत घालायला मी.

ओबरलान हे कुटुंबस्नेही गाव आहे. तशी पाटी वेशीवर आहे. कुटुंबस्नेही म्हणजे काय, तर कुटुंबाला दिवसभर एकमेकांपासून लांब ठेवण्याची सोय. सकाळी आईबाप पोरांना स्कीच्या बालवाडीत सोडतात आणि स्वतः उन्हात आरामखुर्च्या टाकून गरम वाइन पितात. पोरांना पिवळी जाकिटं घालून एका सरकत्या रबरी पट्ट्यावर उभं करतात. विमानतळावर बॅगा येतात तसाच पट्टा, पण इथे त्याला जादूचा गालिचा म्हणतात. पोरं वर जातात, खाली घसरतात, रडतात, पुन्हा वर जातात. खाली मार्मट उभा असतो. तो हात हलवतो. संध्याकाळी आईबाप येतात आणि आपलं पोर कोणतं ते जाकिटावरचं नाव वाचून ठरवतात.

माझ्या आधी मार्मट होता माझा चुलतभाऊ. तो लग्नानंतर इतका सुटला की चेन लागेना. मग पर्यटन संघाचा अध्यक्ष हार्टविग, जो स्की-लिफ्टचाही मालक आहे आणि बँडचाही प्रमुख आहे, आमच्या घरी आला, माझ्या खांद्यांवर वीत ठेवून मोजमाप घेतलं आणि म्हणाला की एकाच हिवाळ्याचा प्रश्न आहे. हा चौथा हिवाळा. मला लिफ्टच्या वरच्या केबिनमध्ये बसायचंय. तिथे हीटर आहे, खिडकी आहे, दोन बटणं आहेत, आणि कोणी मिठी मारायला येत नाही. एवढंच माझं आयुष्यातलं ध्येय. लोक याहून मोठी ध्येयं ठेवतात आणि पुढे त्यांचे फोटो वेशीवर लागतात. मला फोटो नको, हीटर हवा.

आता हेर डेटलेफ ब्रोमल. हेर म्हणजे आमच्याकडचं श्रीयुत. हे उत्तरेकडच्या एका सपाट शहरातून येतात, जिथे सगळ्यात उंच गोष्ट म्हणजे हेर ब्रोमल. दर फेब्रुवारीत, बायको हेल्गासह, माझ्या बुर्गी आत्याच्या पेन्शनमध्ये, म्हणजे घरगुती लॉजमध्ये, जिन्याजवळच्या त्याच खोलीत उतरतात. आमच्याकडे इतक्या उंचीवर सगळे एकमेकांना अरेतुरे करतात, पाद्रीसुद्धा. ब्रोमलनी पहिल्याच वर्षी बजावलं की समुद्रसपाटीपासून कितीही वर गेलो तरी मी अहोच राहणार.

रोज रात्री जेवताना ते आपलं मत सांगतात. मोठ्याने, शेजारच्या टेबलांनाही पुरेल असं. सूप गार आहे. बर्फ ओला आहे. डोंगर गेल्या वर्षी उजवीकडे होता. चर्चची घंटा खोटी वाटते. उशीत एकच पीस आहे आणि तेही हलतं. एका वर्षी त्यांनी इथली हवा फार हलकी असल्याचं सांगून आत्याकडे जड हवा मागितली होती. आत्या म्हणाली, उद्या बघते. दर वर्षी निघताना ते जाहीर करतात की हे शेवटचं. दर वर्षी येतात. का येतात हे गावाला माहीत आहे. आमच्याकडे जो पाहुणा वर्षानुवर्षं येतो त्याचा संघ सत्कार करतो. दहा वर्षांनी चांदीची पिन, पंचवीस वर्षांनी सोन्याची. चांदीची पिन लावून माणूस जेवणाच्या खोलीत येतो तेव्हा खुर्च्या आपोआप सरकतात. ब्रोमल चांदीची पिन पायजम्यावरही लावतात, आणि पंधरा वर्षं सोन्याच्या पिनेची वाट बघत आमचं सूप गिळत आलेत.

यंदा पंचविसावं वर्ष. हार्टविगला माहितीपत्रकावर छापायला सोनेरी पाहुण्याचं एक चांगलं मत हवं होतं. गावात ब्रोमलचं एकही चांगलं मत उपलब्ध नव्हतं. तेव्हा त्याने मला बाजूला घेतलं.

"रविवारी सत्काराला पिन तू लावायचीस. मार्मट म्हणून. आणि ब्रोमलच्या तोंडून सगळ्यांसमोर एकदा 'छान' काढायचं."

"आणि निघालं तर?"

"तर त्याच क्षणी तू सुटलास. वरच्या केबिनची किल्ली माझ्या खिशात असेल."

मी विचारलं, मार्मटला बोलायची परवानगी नसताना मी हे कसं करायचं. तो म्हणाला, हातवारे कर. मग जाता जाता त्याला वाटलं की पिनेबरोबर एक लाकडी पाटीही असावी, आणि तो खानावळीत रोमेडी सुताराच्या टेबलाशी गेला. हे मी कानांनी ऐकलंय. तो म्हणाला, "ब्रोमलची पाटी कर. नाव घाल, वर्षं घाल, चार ओळी लिही. जादूच्या गालिच्यापाशी लावायची. रविवारपर्यंत हवी." रोमेडीने हळूच टोपी काढली. हार्टविगला वाटलं डोकं खाजवतोय.

रोमेडी जन्मभर एकाच प्रकारची पाटी करत आलाय. डोंगरात कोणी कड्यावरून पडून, ओंडक्याखाली सापडून किंवा बैलाच्या शिंगावर जाऊन मेलं की त्या जागी आम्ही मरणपाटी लावतो. वर छोटं छप्पर, छपराखाली अपघाताचं रंगीत चित्र, मग नाव, साल आणि चार ओळी. येणाराजाणारा टोपी काढतो, प्रार्थना करतो, पुढे जातो. नाव, वर्षं, चार ओळी आणि जागा सांगितली की रोमेडीच्या दृष्टीने माणूस मेलेला असतो. जिवंत माणसाची पाटी कशाला करतील? त्याने एकच खात्री करून घेतली: ब्रोमल दिसतात का. ब्रोमल दोन दिवस दिसले नव्हते. सर्दी झाली म्हणून खोलीत पडून उशीतलं पीस ऐकत होते.

रोमेडीने पाद्रीला सांगितलं. पाद्रीने रविवारी सकाळी मृतांच्या यादीत ब्रोमलचं नाव वाचलं, जरी ते आपल्या पंथाचे नसले तरी, असं मोठ्या मनाने म्हणत. बुर्गी आत्या तिसऱ्या बाकावर होती. अर्ध्या तासापूर्वीच तिने ब्रोमलना वर सूप नेऊन दिलं होतं. मी नंतर तिला विचारलं की तू बोलली का नाहीस.

"पाद्रीच्या मध्ये कोण बोलणार, बाळा? मला वाटलं सूप प्यायल्यावर गेला असेल."

हार्टविग चर्चमध्ये नव्हता, तो मैदानात माइकशी भांडत होता. मी मार्मटमध्ये होतो. मार्मटला फक्त तोंडातल्या जाळीतून दिसतं, तेही समोरचं. मला एवढंच दिसलं की चर्चमधून सुटलेले लोक सरळ गालिच्याकडे येतायत, आणि येताना मेणबत्त्या आणतायत. मला वाटलं हार्टविगने फारच केलं. पाहुण्यांनाही ही इथली रीत वाटली. त्यांनी वाइन खाली ठेवून फोटो काढले. बालवाडीच्या बाईंनी पोरांची हेल्मेटं काढायला लावली. बँडवाल्यांनी मेणबत्त्या पाहिल्या आणि आनंदाच्या चालीचं पान उलटून अंत्ययात्रेची धून काढली. ती त्यांना जास्त चांगली येते.

या धुनीवर, सर्दीने नाक लाल झालेले हेर ब्रोमल बायकोचा हात धरून आले.

गर्दी फाकली. पाद्रीने त्यांच्याकडे पाहिलं आणि पुस्तक मिटलं. हार्टविगने रोमेडीने गालिच्यापाशी ठोकलेल्या पाटीकडे पहिल्यांदाच नजर टाकली आणि त्याचा रंग पाटीच्या मागच्या बर्फासारखा झाला. चित्रात ब्रोमल जादूच्या गालिच्याच्या टोकाला उलटे अडकलेले होते, स्की आभाळात. बाजूला मार्मट हात जोडून, डोक्यामागे सोनेरी वर्तुळ. खाली ओळी:

थांब, वाटसरू, टोपी काढ, डेटलेफ इथे पडला;
पंचवीस हिवाळे घसरला, एकदाच वर चढला.
सूप म्हणे गार इथलं, बर्फ म्हणे ओला;
देवा, आता तूच ऐक, तुझ्याकडेच आला.

ब्रोमलनी चष्मा पुसला. एकदा वाचलं. वाकून पुन्हा वाचलं. छपराचा सांधा बोटाने दाबून पाहिला, हलला नाही. हेल्गाने हळूच विचारलं की मग संध्याकाळी एकच ताट सांगायचं का. मी पिन हातात धरून उभा होतो. मार्मटच्या हाताला बोटं तीनच असतात, पिन निसटत होती, आणि माझा चार हिवाळ्यांचा घाम त्या एका माणसाच्या तोंडाकडे बघत होता.

"छान," हेर ब्रोमल म्हणाले.

माइक चालू होता. सकाळपासून पहिल्यांदाच चालला होता. ते 'छान' समोरच्या डोंगरावर आपटून परत आलं, म्हणजे खरं तर दोनदा निघालं. ते पुढे म्हणाले की या गावात आज पहिल्यांदा कोणीतरी आपलं म्हणणं नीट ऐकून, जसंच्या तसं, टिकाऊ लाकडावर लिहिलंय.

मी वाट बघितली नाही. मी मार्मटचं डोकं उपटलं आणि बर्फावर ठेवलं. हवा हलकी होती. हार्टविगपुढे हात पसरला आणि त्यानेही, सवयीने, किल्ली त्यावर ठेवली.

तेव्हा पोरांनी पाहिलं. सगळ्या बालवाडीने एकदम भोकाड पसरलं. त्यांच्या मते मार्मटचं मुंडकं तुटलं होतं आणि आतून एक घामेजलेला माणूस उगवत होता, तोही मरणपाटीपाशी, अंत्ययात्रेच्या धुनीवर. आईबाप आरामखुर्च्यांतून उठले, आणि आमच्या गावात हे फक्त आग लागली तरच होतं. ब्रोमलनी नाक शिंकरलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"हाच का तो? चार वर्षं हात हलवणारा?"

हार्टविग म्हणाला की हो, पण आता बदलतोय, नवीन, हसरा मार्मट येणार आहे.

"बदलू नका. बाकी सगळे इथे खोटं हसतात. हा एकटाच आमच्याकडे बघून, जा मरा, असा हात हलवतो. ही चार वर्षं मी याच्यासाठी येतोय. हा गेला तर 'छान' परत घेईन."

चारही वर्षं मला वाटत होतं की ते पिनेसाठी येतात.

हार्टविगने क्षणभरच विचार केला. किल्ली माझ्या हातातून घेतली, बर्फावरचं डोकं उचलून माझ्या खांद्यांवर दाबलं आणि माइककडे वळला. "मुलांनो," तो म्हणाला, "तुम्ही काही पाहिलं नाही. मार्मटच्या आत कोणी नसतं. मार्मट हा मार्मटच असतो. जे आत नव्हतं ते बाहेर कसं येईल?" पोरं हुंदके देत गप्प झाली. आईबाप परत आरामखुर्च्यांत बसले. सोमवारी हाच मजकूर संघाच्या फळ्यावर शिक्क्यासह लागला, म्हणजे आता तो खरा आहे. पाटी तिथेच आहे. ब्रोमलनी पुढच्या फेब्रुवारीची खोली सांगून ठेवली आहे. जाताना मात्र ते शेवटचं म्हणाले नाहीत, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते.

फळ्यावरच्या त्या मजकुराखाली मी पुढचा अर्ज टाचणीने लावला. तीन बोटांनी टाचणी लावायला बराच वेळ लागतो.

प्रति, मा. अध्यक्ष, ओबरलान पर्यटन संघ. विषय: झोप मिळणेबाबत. महोदय, अर्जदाराच्या आत कोणीही माणूस नाही, अर्जदार हा मार्मटच आहे, असे आपण शिक्क्यासह जाहीर केले आहे. अर्जदारास ते मान्य आहे. तरी अर्जदाराच्या जातीच्या पूर्वापार रिवाजानुसार त्यास ऑक्टोबर ते एप्रिल या काळात जमिनीखाली, अंधारात, कोणीही मिठी न मारता झोपू द्यावे, ही नम्र विनंती.